चहानंतरचं काम

चिमी त्या शनिवारी चहा न पिता घरी गेली आणि लाँड्रीतल्या बाकीच्या बायकाही तिच्या मागोमाग गेल्या, याला आता आठवडा होत आला होता. हॉटेलच्या ओल्या चादरी टोपल्यांत तशाच पडून आंबल्या. हॉटेलच्या मॅनेजरनं फोनवरून लाँड्रीच्या मालकांचा, अण्णांचा, यथेच्छ उद्धार केला. अण्णांच्या धाकट्या मुलानं, म्हणजे धाकट्या भाऊजींनी, चिमीला 'उद्यापासून येऊ नकोस' असं बजावून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी बाईसाहेब सगळ्यांच्या आधी येऊन चादरी इस्त्री करायच्या रोलरपाशी उभ्या! वर तिनं कामगार कचेरीत तक्रारही देऊन टाकली होती. आज तिथले साहेब चौकशीला येणार होते, म्हणून सकाळीच सगळं घर वरच्या मजल्यावर जेवणाच्या टेबलाभोवती गोळा झालं होतं.

यात खरी पंचाईत थोरल्या सुनेची. चिमी तिची सख्खी धाकटी बहीण, आणि शब्द टाकून तिला रोलरवर लावलं तेही हिनंच. त्यामुळे आठवडाभर घरात भांडं आपटलं तरी सगळे आधी हिच्याकडे बघायचे, जणू ते भांडंही हिच्या माहेराहून आलेलं.

घंटेनंतरच्या चहाची पद्धत या घराला इतकी अंगवळणी पडलेली होती की तिचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. खाली लाँड्री, वर घर, मध्ये एक लाकडी जिना. संध्याकाळी काम बंद व्हायची घंटा ठरल्या वेळी वाजायची. त्यात अण्णांनी कधी लबाडी केली नाही, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. पण कित्येकदा घंटेनंतर वरून मोठ्या किटलीतून चहा उतरायचा. सोबत बिस्किटं. मग अण्णा स्वतः जिना उतरून यायचे, भट्टीवाल्या काकांच्या पाठीवर थाप मारायचे, कुणाच्या पोराची चौकशी करायचे, आणि कप खाली ठेवले की सगळ्यांनी बाह्या सरसावून पुन्हा कामाला लागायचं. हे काम पगारात धरत नसत. चहा झाला म्हणजे लाँड्री मिटली आणि घर सुरू झालं, असं अण्णांचं म्हणणं. आणि घरच्या कामाचे का कुणी पैसे मागतं?

"चहा हाच आपला पुरावा आहे," धाकटे भाऊजी सांगत होते. हॉटेलवाल्यांशी बोलून बोलून त्यांची जीभ अशी काही गुळगुळीत झाली होती की ऐकणाऱ्याचा पाय घसरावा. त्यांचं म्हणणं असं, की जगात कुठला मालक नोकरांना स्वतःच्या हातानं चहा देतो? साहेबांना सांगायचं, की काम संपल्यावर आमच्याकडे मंडळी बसतात, चहा होतो, गप्पा होतात, आणि गप्पा मारता मारता कुणी चार चादरींच्या घड्या घालतं. घरचीच माणसं ती, हात रिकामे ठेवून बसायची सवय नाही त्यांना.

नणंदबाई मुद्दाम रजा टाकून आल्या होत्या. त्यांना हे फार पटलं. अण्णांनी या लोकांसाठी काय काय केलं याची त्यांनी एक उजळणी केली, आणि हल्ली माणसं कशी कृतघ्न झालीत यावर त्या बराच वेळ बोलल्या. त्यांचं बोलणं ऐकताना अण्णांचे डोळे भरून आले. खरं सांगायचं तर म्हातारा आतून दुखावलेला होता. पैशांचं त्याला तितकंसं काही नव्हतं. इतकी वर्षं आपल्या शब्दाखातर माणसं थांबतात असं तो मनोमन धरून चालला होता, आणि आता कुणीतरी त्या शब्दाचा भाव विचारत होतं.

"पण हे आम्ही सांगून काय उपयोग?" भाऊजी म्हणाले. "आम्ही मालक. हे वहिनींनी सांगायला हवं. वहिनी खाली सगळ्यांबरोबर राबतात, चहा त्या करतात. त्यांच्यावर साहेबही विश्वास ठेवतील आणि खालची माणसंही."

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. थोरला टेबलक्लॉथवरचा डाग नखानं खरवडत होता. लग्न झाल्यापासून पाहत आली होती ती, घरात वादळ उठलं की या माणसाला कुठलातरी डाग सापडतो.

मग भाऊजींनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज मऊ केला. चिमीचं काही वाकडं व्हावं अशी आपली मुळीच इच्छा नाही, असं ते म्हणाले. वहिनींनी एवढं सांगितलं की प्रकरण इथेच मिटेल आणि चिमी रोलरवर राहील, हा त्यांचा शब्द. पण प्रकरण चिघळलं, हॉटेलचं काम गेलं, तर कुणाकुणाला घरी बसवावं लागेल ते मात्र सांगता येणार नाही. म्हणजे पहिली कोण जाणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

थोरली 'बरं' म्हणाली आणि खाली गेली. 'बरं' या शब्दावर तिनं आजवर अख्खा संसार रेटला होता.

खाली रोलर नुकताच तापत होता. चिमीनं बहिणीला पाहिलं आणि न बोलता चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. दोघींनी चादर ताणली, झटकली, पुढे येऊन जोडली, पुन्हा मागे सरकल्या. हॉटेलची मोठी चादर एकटीला घडी घालताच येत नाही, म्हणून आठवडाभर अबोला असूनही ही दोघींची कवायत चालू होती. आज मात्र थोरलीनं तोंड उघडलं. वरचं सगळं तिनं बहिणीला सांगून टाकलं, भाऊजींच्या शब्दासकट.

"मग काय ठरवलंस?" चिमीनं विचारलं.

"तुझी नोकरी राहील ग."

"हो, राहील. चहासकट राहील." चिमीनं चादर खाली ठेवली. "ताई, माझा नवरा रात्रपाळीला जातो हे तुला माहितीये. मी इथून सुटून घरी पोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो. आमचा संसार चिठ्ठ्यांवर चाललाय. 'गॅस संपलाय.' 'नळ गळतोय.' परवा त्यानं लिहून ठेवलं होतं, 'तू बरी आहेस ना?' मी रडले बघ त्या चिठ्ठीवर. जास्तीच्या कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. पण थांबायचंच तर त्याचा मोबदला हवा, आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी नाही म्हणता यायला हवं. एवढंच मागितलं मी. यात काय आभाळ कोसळतं?"

थोरलीच्या मनात आलं, की ही आपली धाकटी, हिला शाळेत बोट धरून सोडायला आपण जायचो. हिची नोकरी गेली तर आईला काय तोंड दाखवायचं? आणि खोटं बोलून वाचवली, तर हिला काय दाखवायचं?

"मला वाचवायला जाऊ नकोस हं," जणू तिच्या मनातलं ऐकल्यासारखं चिमी म्हणाली. "मी काही बुडत नाहीये. तुला खरं बोलवत नसेल तर गप्प राहा. पण खोटं नको बोलूस, ताई. ते मात्र मला सहन व्हायचं नाही."

साहेब आले ते शिंकतच. बारीक चणीचे, हातात रुमाल. सोड्याच्या वासानं त्यांच्या नाकानं असं काही बंड पुकारलं की पहिली पाच मिनिटं चौकशी कसली ती झालीच नाही. अण्णांनी त्यांना चादरींच्या घड्या घालायच्या खोलीत मानाच्या खुर्चीवर बसवलं आणि लगोलग चहा मागवला. साहेबांनी हात जोडले. काम चालू असताना आपण चहा घेत नाही, म्हणाले. अण्णांचा चेहरा पडला. या जागेत चहाला नाही म्हणणारा हा आठवड्यातला दुसरा माणूस होता.

एका बाजूला घर उभं राहिलं, दुसऱ्या बाजूला रोलरवाल्या, इस्त्रीवाल्या आणि भट्टीवाले काका. थोरली कुठे उभी राहणार हा प्रश्नच होता. ती मधल्या टेबलापाशी उभी राहिली, कारण तिथे घड्या घालायच्या राहिल्या होत्या.

अण्णा छान बोलले. एका हंड्यावर आणि एका इस्त्रीवर धंदा कसा उभा केला, मालक-नोकर हा भेद कसा कधी मानला नाही, हे त्यांनी असं रंगवून सांगितलं की दोन इस्त्रीवाल्यांनी डोळे टिपले. मग भाऊजींनी चहाचा पुरावा मांडला. मग चिमी बोलली, सरळ आणि थोडक्यात. साहेबांनी बाकीच्यांना विचारलं, तर त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. अण्णा समोर बसलेले, डोळे ओले झालेले, आणि त्यांच्या तोंडावर कोण बोलणार! भट्टीवाल्या काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, मुलीच्या लग्नात अण्णा बापासारखे उभे राहिले होते, आपल्याला त्यांच्याविरुद्ध काही सांगायचं नाही. चिमीचा चेहरा उतरला. भाऊजींनी अंगावरचा शर्ट नीट केला, माणूस फोटोला उभं राहताना करतो तसा.

"चहा कोण करतं?" साहेबांनी विचारलं.

"मी," थोरली म्हणाली.

"रोज?"

"रोज नाही."

"मग कधी?"

भाऊजींनी तिच्याकडे बघून हलकेच मान डोलावली. वर ठरलेलं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. 'मंडळी बसली की.' एवढं म्हटलं की सगळं मिटलं असतं. तिनं चिमीकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं.

"चादरी उरतात त्या दिवशी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काम वेळेत संपलं, तर चहा नसतो. त्या दिवशी घंटा झाली की सगळे आपापल्या घरी जातात. त्या दिवशी कुणाला बसावंसं वाटत नाही आणि गप्पाही सुचत नाहीत. हॉटेलचा ट्रक अडकला, चादरी उरल्या, की मग चहा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. काम संपलेलं असताना नुसता चहा, असं कधीच झालं नाही का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. या घरात आल्यापासून तरी आपण पाहिलेलं नाही, असं थोरलीनं सांगितलं.

"वहिनी, तुमचा गोंधळ होतोय," भाऊजी म्हणाले.

"गोंधळ कसला, भाऊजी? किटली मीच घासते."

बोलून गेली खरी. आपण काय केलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता वर जाऊन याच माणसांबरोबर जेवायचं होतं. तिनं टेबलाची कड धरून ठेवली. तेवढ्यात जिन्याच्या वरच्या पायरीवरून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या खाली उतरत नसत, पण त्यांचा आवाज उतरायला गुडघ्यांची गरज नव्हती.

"तिच्या आधी मी घासत होते," सासूबाई म्हणाल्या. "ती म्हणते ते खरं आहे. खालून निरोप यायचा, आज माल जास्त आहे, आधण ठेवा. मी म्हणायची, एकदा तरी माल नसताना ठेवू द्या, बायकांना जरा बरं वाटेल. तर हे म्हणायचे, दूध काय फुकट येतं?"

आता मात्र घडीच्या खोलीत हशा पिकला. अण्णांचा जो एक कान कमी ऐकायचा, नेमका तोच त्यांनी जिन्याकडे केला.

नणंदबाई पुढे आल्या. आईला काय कळतं, अण्णांचा असा अपमान, वगैरे सुरू करणार तोच सासूबाईंनी वरूनच विचारलं, तुझ्या ऑफिसात उशीर झाला की काय करतात ग? नणंदबाई थबकल्या. खोटं बोलणं काही त्यांच्या स्वभावात नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. "दुप्पट देतात," त्या हळूच म्हणाल्या. "आणि घरी सोडायला गाडी." एवढं बोलून त्या दोन पावलं चालल्या आणि वहिनीच्या शेजारी टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. तिथं आल्यावर हात मोकळे कसे ठेवायचे, म्हणून त्यांनी एक उशीचा अभ्रा उचलला आणि वाकडी घडी घातली.

साहेबांनी विचारलं, निरोप कोण पाठवतं. भाऊजी छताकडे बघू लागले. अण्णांना ऐकू आलं नाही.

"मी पाठवतो," थोरला म्हणाला.

थोरलीनं मान वर केली. नवरा भिंतीला टेकून उभा होता आणि या वेळी त्याच्या समोर एकही डाग नव्हता. माल बघून कुणाला किती थांबवायचं ते आपणच ठरवतो, असं त्यानं सांगितलं. बायको म्हणते त्यात एक शब्दही खोटा नाही, आणि हे आपण आठ दिवसांपूर्वीच बोलायला हवं होतं. आवाज जरा कापत होता, पण थांबला नाही. तिला त्या क्षणी तो जितका आवडला तितका लग्नातही आवडला नव्हता.

एकदा बांध फुटल्यावर काय राहतं! इस्त्रीवाल्या एकदम बोलू लागल्या, एकीचं ऐकावं तर दुसरी सुरू. साहेबांना हातानं खुणा करून एकेकीला थांबवावं लागलं. अण्णा त्या गलक्यात फक्त भट्टीवाल्या काकांकडे बघत होते.

"तुलाही पैसे हवेत?" त्यांनी विचारलं.

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "अण्णा, तुमच्यावर जीव आहे माझा. तो काही कमी व्हायचा नाही. पण हवेत. इतकी वर्षं मागायची लाज वाटत होती."

अण्णांनी गुडघ्यांवर हात टेकले. म्हातारा आता उठून जाणार, असं सगळ्यांना वाटलं. मग ते भाऊजींवर खेकसले, "बघतोस काय? साहेबांना काय हवं ते लिहून दे. आणि मागचंही धर त्यात." साहेब म्हणाले, घंटेनंतरच्या कामाला दुप्पट दर, थांबवायचं तर आधी विचारायचं, आणि तक्रार केली म्हणून कुणाला काढाल तर गाठ माझ्याशी आहे. चिमी तिथेच चादरींच्या ढिगावर बसली आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. बायकांनी तिला उठवून मिठ्या मारल्या. काका टोपी घालायची विसरून रोलरवाल्यांच्या घोळक्यात उभे होते आणि त्यांना कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखं हसू येत होतं.

थोरलीनं साहेबांना दारात गाठलं. "माझं काय?" तिनं विचारलं. आपल्याला साधा पगारही नाही, आपण घरची, हे तिनं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते विचित्र वाटलं. साहेब जरा ओशाळले. घरच्यांचं आपल्या कायद्यात बसत नाही, म्हणाले. ते तुम्हालाच घरी मागावं लागेल.

तर तिनं मागितलं. तिथेच, सगळ्यांच्या देखत, नवऱ्याकडे वळून. बाकीच्यांना जे, ते मलाही, दिवसाचंही आणि घंटेनंतरचंही. थोरला 'बघू' म्हणायच्या बेतात होता. त्यानं तोंड उघडलंही, पण वरच्या पायरीवर सासूबाई अजून उभ्या होत्या. तो 'हो' म्हणाला.

दुपारी अण्णा हॉटेलच्या मॅनेजरला फोनवर दम भरताना सगळ्यांनी ऐकलं. दर वाढतील म्हणाले, आमच्याकडे माणसांना जास्तीच्या कामाचे दुप्पट पैसे मिळतात, परवडत नसेल तर चादरी स्वतः धुवा. जणू ही कल्पना त्यांचीच होती आणि फार पूर्वीपासून होती. मॅनेजरनं कुरकुर केली आणि मानलं. मधल्या आठवड्यात दुसऱ्या लाँड्रीत त्याला आंबलेल्या चादरींपेक्षाही वाईट अनुभव आला असावा. भाऊजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, मग हॉटेलवाल्यांना नवीन दर सांगता सांगता त्यांची जीभ पूर्ववत झाली.

पुढच्या मोठ्या ट्रकाच्या दिवशी घंटा झाली आणि थोरला खोलीच्या मध्यभागी येऊन उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, आज माल बराच आहे, कोण कोण थांबतं? असं विचारायची सवय नव्हती त्याला, आणि ऐकायची सवय नव्हती बाकीच्यांना. क्षणभर सगळ्याच बुजल्या. मग काका थांबतो म्हणाले. दोघी इस्त्रीवाल्या थांबल्या. एकीला डॉक्टरकडे जायचं होतं, ती नाही म्हणाली आणि कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही. चिमी 'मी निघाले, तो घरी असेल' म्हणाली. पर्स खांद्याला लावून दारात थोरलीची वाट बघत उभी राहिली, कोपऱ्यापर्यंत सोबत येशील का म्हणून.

थोरला मग टेबलापाशी आला. बायको शेवटची चादर रचून ठेवत होती.

"आणि तू?" त्यानं विचारलं. "थांबशील का?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून हा प्रश्न तिला कुणी म्हणजे कुणीच विचारला नव्हता. तिला असं हसू फुटत होतं की ओठ आवळून धरावे लागले. थांबायला तिची तशी हरकत नव्हती. हात पुसून ती दाराकडे गेली, उजेड अजून होता, रस्त्यावर माणसं होती, आणि तिथून मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"विचार करून सांगते."